गोपनीय बातमीदार

'गोपनीय बातमीदाराने स्वतःच्या जिवास धोका पत्करून दिलेल्या खात्रीलायक माहितीच्या आधारे पथकाने सापळा रचला व फरार होण्याच्या बेतात असलेल्या सराईत गुन्हेगारास शिताफीने जेरबंद केले,' असे पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकात म्हटले होते, आणि अकोल्याच्या वर्तमानपत्रांनी ते जसेच्या तसे छापले होते.

या वाक्याची परीक्षा करायला विद्वत्ता लागत नाही. फरार होण्याच्या बेतात असलेला देवमन त्या सकाळी अनवाणी होता. बार्शीटाकळीच्या पलीकडच्या शिवारात, पार्बताबाईच्या विहिरीवर, तो गेले वर्षभर रोज उजाडता येत असे त्याच वेळी आला होता. सापळा ज्याचा ठावठिकाणा माहीत नसतो त्याच्यासाठी रचतात. याचा ठावठिकाणा शिवारातल्या बगळ्यांनाही पाठ होता. शिताफीविषयी सांगायचे तर पथकाला पाहून त्याने एवढीच विनंती केली, की साहेब, एवढा वाफा भरू द्या, मग येतो. वाफा अर्धाच भरला. 'सराईत' हा शब्द मात्र खरा होता, फक्त दीड वर्ष शिळा होता: देवमन पूर्वी विहिरींवरची तांब्याची केबल कापून विकत असे, त्यासाठी पकडला गेला होता, जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळेना म्हणून तुरुंगात पडून होता, आणि अकोल्यातल्या बोर्ड्यांच्या घराने आपला सातबारा मांडून त्याला बाहेर आणले होते.

उरले दोन शब्द, 'गोपनीय' आणि 'धोका'. पैकी पहिला शब्द बोर्ड्यांच्या घरात बसला होता. कारण देवमनला ज्या गोष्टीसाठी पुन्हा उचलले ती पोलिसांना कधीच माहीत नव्हती. पार्बताबाईचा नवरा पहाटे मोटर सुरू करायला गेला आणि ओल्या गवतात पडलेल्या जिवंत तारेवर त्याचा पाय पडला. सरकारदरबारी तो अपघात होता. ती तार आदल्या रात्री केबल कापताना आपणच तशी टाकून पळालो, हे देवमनने एकदाच, एकाच खोलीत, चौघांसमोर सांगितले होते. ऐकणारे चौघे म्हणजे खुशालराव, त्यांचा मुलगा कुंदन, सून वर्षाली, आणि स्वतः पार्बताबाई. दाराशी देवमनची माय उभी होती, पण तिला कोणी मोजले नव्हते.

तीच ही खोली. अकोल्यातल्या घराची पुढची, प्रार्थनेची. भिंतीवर लाकडाचा साधा क्रूस, खाली समोरासमोर दोन वेताच्या खुर्च्या. खुशालरावांच्या वडिलांनी, शामुवेल बोर्ड्यांनी, ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर भाऊबंदांशी समेट करण्यासाठी त्या मांडल्या होत्या, आणि चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या विधीआधी भांडण मिटवायचे ही मंडळीची जुनी शिस्त त्यांनी मंडळीबाहेरच्यांसाठीही खुली केली होती. एका खुर्चीत ज्याने केले तो बसतो, दुसरीत ज्याचे झाले तो. बसणाऱ्याने काय केले ते सांगायचे. 'पण' म्हणायचे नाही, देवाचे नाव मध्ये घालायचे नाही. ऐकणाऱ्याने ते शब्दशः परत म्हणून दाखवायचे, म्हणजे ऐकले याची खात्री. खोलीतले खोलीत राहते. तीन पिढ्या ते राहिले होते.

मे महिन्याचा शनिवार होता. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनाचा रविवार, आणि सोमवारी कुंदन, वर्षाली व खुशालराव या तिघांना चौकशीला हजर राहण्याची नोटीस. कुलर पूर्ण वेगाने चालू होता आणि तरी खोली तापली होती. ज्या घराने चोरांना जामीन दिला त्या घराच्या फाटकाला आजवर कडी नव्हती. आज सकाळी कुंदनने त्याला साखळी आणि कुलूप आणून लावले होते. गल्लीतून एखादी मोटारसायकल हळू झाली की आतली बोलणी थांबत. मोटारसायकल पुढे गेली की ती पुन्हा सुरू होत, पण जिथे थांबली होती तिथून नव्हे.

*

"कुलूप काहून लावलं?" अमरावतीहून गाडी चालवत आलेल्या शकुनने आत येताच विचारले. ती कुंदनची थोरली बहीण, जिल्हा न्यायालयात वकिली करते. खोलीतल्या खुर्च्यांवर तिचा विश्वास कधी नव्हता, आणि वडिलांवर नको तितका होता.

"काल फाटकावर कोणी तरी लिहून गेलं, ताई. खुन्याचे पाठीराखे म्हणून," कुंदन म्हणाला.

"पुसलंस?"

"फोटो काढला पयले."

"शहाणा आहेस. आता ऐका, सगळे. आई, तू पण. चहा नंतर कर." शकुनने पर्स खाली ठेवली आणि उभ्यानेच बोलू लागली. "पोलिसांसमोर देवमनने काहीही कबूल केलं तरी कोर्टात त्याला किंमत नाही. मारून काढलेली कबुली कायदा मानत नाही. पण तुमच्यासमोर दिलेली मानतो. कारण तुम्ही मारलं नाही, धमकावलं नाही, लालूच दाखवली नाही. तुम्ही प्रेमाने ऐकलं. समजतं का? ह्या केसमध्ये पुरावा म्हणून दुसरं काहीही नाही. तार नाही, साक्षीदार नाही, वर्ष उलटून गेलं. आहे ते फक्त तुमचे कान."

"म्हणजे आपून त्याले सोडवलं, आन् आपूनच अडकवनार?" शकुनची आई, सुभद्राबाई, म्हणाल्या.

"आपल्यातला एक. त्यांना एकच लागतो. सोमवारी तिघांना वेगवेगळं बसवतील. सदोष मनुष्यवध माहीत असून दडवला म्हणून सगळ्यांना आरोपी करू म्हणतील. मग एकाला चहा पाजतील आणि सांगतील, तुम्ही साक्षीदार व्हा, बाकीचं आम्ही पाहून घेऊ. त्याचं बयाण मॅजिस्ट्रेटसमोर झालं की देवमनचे दहा वर्ष गेले."

"पार्बताबाई?" खुशालरावांनी विचारले. ते खिडकीपाशी बसले होते. शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले त्याला बराच काळ लोटला, तरी अकोल्यापासून चांदूर बाजारपर्यंत मंडळीत सगळे त्यांना गुरुजीच म्हणत. "तिला बोलावलं नाही का?"

"सकाळीच जाऊन आलो मी," कुंदन म्हणाला.

तो गेला तेव्हा पार्बताबाई बांधावर उभी होती. वाफे भेगाळले होते. मोटरचा खोका उघडा होता आणि ती त्याच्यापासून दहा हात लांब. समेटाच्या बैठकीत तिने देवमनकडून ना पैसे मागितले, ना पाया पडवून घेतले. तिची अट एकच होती: रोज सकाळी तू येजो, अनवाणी, आन् विहिरीपाशी पयला पाय तू ठेवजो, मी मागून येईन. आणि वर्षभर तो पुढे गेला होता, ती मागून. या व्यवस्थेत दया किती आणि सूड किती, हे कुंदनला कधी ठरवता आले नव्हते. ते ठरवण्याची गरज आहे असेही, समेट घडवणाऱ्या आपल्या संस्थेचा वार्षिक अहवाल सोडला तर, त्याला कुठे वाटले नव्हते. आज तिने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

"ती म्हणे, पोलीस माह्याकडे दोनदा आले. म्या म्हटलं, मले काही मालूम नाही, माह्या मालकाचा अपघात झाला. मंग मले म्हणे," कुंदनने सांगितले, "तुमच्यातलं कोणी तरी फुटलं. मी नाही फुटली. माह्या नवऱ्याचं गेलं तरी मी नाही फुटली."



"म्हणजे तिघांतला एक," शकुन म्हणाली, आणि ती कोणाकडे पाहते आहे हे सर्वांच्या आधी वर्षालीला कळले.

*

वर्षालीला वाटले होते त्यापेक्षा हा संशय उशिरा आला. तिचा मावसभाऊ धर्मपाल बाळापूरला पोलिसात शिपाई होता. अटकेच्या दिवसापासून या घरात त्याचे नाव कोणी घेतले नव्हते, आणि न घेतलेले नाव घरात किती जागा अडवते ते ती ताट वाढताना रोज पाहत होती.

"वर्षाली, राग नको मानू," शकुन म्हणाली. "धर्मपालशी शेवटचं बोलणं केव्हा झालं?"

"राग येईल असं विचारायचं आणि राग नको मानू म्हणायचं, हे कोर्टात चालत असेल, ताई."

"केव्हा झालं?"

"पायलच्या वाढदिवसाले. त्यानं मोबाईलवर शुभेच्छा दिल्या. पायल माह्याच पोटची हाय, तिले विचारा, उलटतपासणी घ्या."

"मी तुझ्या भल्यासाठी विचारते. सोमवारी हेच ते विचारतील."

"ते विचारतील तवा मी सांगीन. तुम्ही माह्या घरातल्या आहात."

"घरात सगळे बसले हायेत म्हणून त इचारून राह्यली ती," सुभद्राबाई मध्येच म्हणाल्या, आणि आपण बोललो याचे स्वतःलाच नवल वाटल्यासारख्या पदराने तोंड पुसू लागल्या.

वर्षालीने नवऱ्याकडे पाहिले. देवमनच्या बैठकीत शब्द परत म्हणताना पार्बताबाईला तार या शब्दाशी रडू फुटले होते, आणि तिच्या वतीने ती सगळी कबुली वर्षालीने पूर्ण केली होती. ते शब्द अजूनही तिला भाजी चिरताना आठवत. हे कुंदनला ठाऊक होते. तिने वाट पाहिली. कुंदन मान खाली घालून कुलपाच्या किल्लीशी चाळा करत होता.

"तुम्हालेही वाटते का?" तिने विचारले.

"मी काही म्हटलं का?"

"तेच त. काही म्हटलं नाही तुम्ही."

"वर्षाली, सहज, बोलता बोलता, धर्मपालच्या बायकोपाशी कधी..." एवढे बोलून कुंदन थांबला, त्याला ते वाक्य पूर्ण करायचे नव्हते, आणि ते पूर्ण झाले होते.

चोर म्हणून ज्यांच्यावर शिक्का बसला त्यांना एक वेळ विश्वासाने जवळ करावे, अशी या घराची शिकवण. सुनेला जवळ करण्याविषयी शिकवणीत काही नव्हते. वर्षाली घाबरली ती एवढ्यासाठी: सोमवारी आपल्याला वेगळ्या खोलीत बसवतील, आणि बाहेर बसलेल्यांपैकी आपले कोणीही नसेल. ज्या गोष्टीला ती चार दिवस हात लावायला भीत होती, तिला तिने त्या भीतीच्या भरात हात लावला.

"नोटीस घेऊन जे साहेब आले होते," ती म्हणाली, "त्यांनी फाटकातून आत येताच बाबांना 'नमस्कार, गुरुजी' म्हटलं."

"सगळेच म्हणतात," कुंदन म्हणाला.

"मंडळीतले म्हणतात. ह्या साहेबाला कोणी ओळख करून दिली नव्हती. साध्या कपड्यांत होते. बाबांचा चष्मा त्यांनी नोटिशीसाठी स्वतः स्टुलावरून उचलून दिला. अनोळखी माणूस असं करते का? आणि आई पाणी घेऊन आल्या त त्यांना पाहून आईंच्या हातातला गिलास पडला. स्टीलचा होता म्हणून फुटला नाही. तेवढंच मी पाहिलं. मी कोणावर काही म्हणत नाही."

म्हणण्यासारखे आता फारसे उरलेही नव्हते. शकुन सावकाश वळली. साक्षीदार उभा असताना कशाकडे पाहायचे ते तिला माहीत होते, म्हणून तिने वडिलांकडे पाहिले नाही. आईच्या हातांकडे पाहिले.

"आई?"

"घाम होता हाताले."

"तू त्या माणसाला आधी कुठे पाहिलं होतंस?"

"शकुन," खुशालराव म्हणाले, "आपल्या आईशी या सुरात बोलतात का?"

"मी कोणत्या सुरात बोलू, बाबा? तुम्ही सांगा. तुम्हीच शिकवलं ना मला बोलायला?"

त्याच वेळी फाटकाची साखळी वाजली. कोणी तरी ती जोरात नव्हे, पण न थांबता हलवत होते. कुंदन उठला नाही. खोलीतला प्रत्येक जण आपापल्या जागी, जसा होता तसा राहिला, आणि पहिल्यांदा त्या दुपारी सर्वांचे एकमत झाले: पोलीस सोमवारची वाट पाहणार नाहीत.

"गुरुजी!" बाहेरून बाईचा आवाज आला. "मी हावो. रुख्मिणी. देवमनची माय."

*

सुभद्राबाईंनीच कुंदनकडून किल्ली घेऊन कुलूप उघडले. रुख्मिणी उन्हातून आली होती, डोक्यावरचा पदर तसाच. तिने पाणी घेतले, अर्धा गिलास तोंडावर मारला.

"तुरुंगातून येऊन राह्यली," ती म्हणाली. "भेट झाली. जाळीतून."

"कसा हाय?" सुभद्राबाईंनी विचारले.

"काय सांगू बाई? मले वाटलं, लेकरू इचारन कोनं सांगतलं. त्यानं इचारलंच नाही. म्हणे, माय, मोटर कोन चालू करते? म्या म्हटलं, कोनी नाही. त म्हणे, मंग ते बाई विहिरीवर जानार नाही, तिचा भाजीपाला जळन. दुसरं काही नाही बोलला."

ती खोलीभर पाहत राहिली. मग सरळ चालत जाऊन दोन वेताच्या खुर्च्यांपैकी ऐकणाऱ्याच्या खुर्चीत बसली. गेल्या वर्षी तिने हा विधी दाराशी उभे राहून पाहिला होता.

"रुख्मिणीबाई, तिथं नको, इकडे पंख्याखाली..." कुंदन म्हणाला.

"इथंच बरी हाय. माह्या पोराले तुमी ह्या समोरच्या खुर्चीत बसोलं. तो म्हणे, माय, मले भेव वाटते. म्या म्हटलं, बस, हे लोकं बाहीर काढतेत, आत नाही टाकत. माह्या सांगन्यावरून बसला तो." तिने समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट केले. "आता ज्यानं सांगतलं त्यानं बसा. मले पोलिसात जाचं नाही, कोर्टात जाचं नाही. मले फक्त आयकाचं हाय. मी उठत नाही."

आणि ती खरोखर उठली नाही. कुलरचे पाणी संपले, त्याचा आवाज कोरडा झाला, तो कुंदनने बंद केला. एक मोटारसायकल फाटकाशी हळू झाली. गेली.

सुभद्राबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. चार दिवस त्यांनी दोन भीतींची तुलना केली होती. सोमवारी नवऱ्याला आत टाकले तर काय, ही एक. तो घरी राहिला आणि सर्वांना कळले तर काय, ही दुसरी. या तुलनेत सून कुठे आली नव्हती. आपण तिच्या अंगावर संशय जाऊ दिला, नुसता जाऊ दिला नाही तर मघाशी एका वाक्याने पुढे ढकलला, हे त्यांना वर्षालीकडे पाहताना कळले. ती त्या रिकाम्या खुर्चीकडे अशी पाहत होती, की थोडा वेळ गेला तर न केलेल्या गुन्ह्यासाठी तीच जाऊन बसेल. या घरात तसे करणाऱ्याला पुण्यवान म्हणाले असते. सोय झाली असती.

"अहो," सुभद्राबाई म्हणाल्या. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात या शब्दाला त्यांनी कधी एवढे वजन दिले नव्हते. "उठा."

खुशालराव हलले नाहीत.

"ते पोट्टी मरून राह्यली भेवानं. उठा म्हन्ते ना. नाही त मी सांगते, उत्तम शुक्रवारी मी तुमच्या संगं कुठं होती ते."

"कुठे होतीस, आई?" शकुनचा आवाज अगदी लहान झाला होता.

"चांदूर बाजारले. सात जन बोलनार होते, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर. ह्यायले दुसरा देला होता. चोराचा."

गुड फ्रायडेला होणारी ती उपासना शकुनला पाठ होती. तिला बाकीचे सांगावे लागले नाही. येशूच्या शेजारी खिळलेल्या चोराला स्वर्गाचे वचन मिळते तो दुसरा उद्गार. आणि त्या उद्गारावर बोलायला, दाखला म्हणून, वडिलांच्या हाताशी किती उत्तम, किती ताजा चोर होता! न्यायालयात तिने खोटे साक्षीदार पाहिले होते, विकत घेतलेले पाहिले होते, घाबरलेले तर रोज पाहत होती. सुंदर बोलता येते म्हणून माणूस बोलून जातो, हा प्रकार मात्र तिला फक्त आपल्या घरात सापडला असता.

खुशालराव उठले. चष्मा पुसला, कोटाची बटणे लावली. मे महिन्यातही ते प्रार्थनेच्या खोलीत कोट घालत. खुर्चीत बसले तेव्हा वेत कुरकुरला. हात मांडीवर ठेवून त्यांनी त्या आवाजात सुरुवात केली जो मंडळीच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचत असे.

"प्रभूच्या अगम्य योजनेत, माझ्यासारख्या दुबळ्या पात्राच्या हातून..."

"थांबा, गुरुजी," रुख्मिणी म्हणाली. "देव नाही आनाचा मधात. तुमीच देवमनले सांगतलं होतं."

खुशालरावांनी पुन्हा सुरुवात केली. "माझ्या हातून चूक घडली. मी ते मान्य करतो. पण माझा हेतू..."

"पन नाही."

कुंदनने डोळे मिटून घेतले. खाली पाहत असलेल्या वर्षालीने आता वर पाहिले.

"पयल्यापासून घ्या," रुख्मिणी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच त्या आवाजाची भीती वाटत होती. "माह्या पोरालेही तीनदा घ्या लागलं होतं. तुमी त मास्तर हा."

तिसऱ्या वेळी आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला नसता. व्यासपीठाची भाषा कुठे तरी गळून पडली होती. शामुवेल बोर्ड्यांच्या वावरात जी बोली ते लहानपणी बोलत, आणि शाळेत ज्या बोलीसाठी त्यांनी मुलांना छड्या मारल्या, ती वर आली. ते बोलून संपले तेव्हा रुख्मिणीने नियमाप्रमाणे सगळे शब्दशः परत म्हटले, एकही शब्द न गाळता, न बदलता. आपलेच बोलणे दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना खुशालराव एकदाच शहारले.

आधी बोलली ती शकुन. तिचे डोळे भरले होते, पण बुद्धी, सवयीने, चालू होती.

"बाबा, सोमवारी हेच सांगाल? असंच? शपथेवर?"

"खोटं बोलनार नाही मी शपथेवर."

"खोटं नकोच आहे मला. पोलिसांच्या हाती आज फक्त तुमची गोष्ट आहे, आणि ती तुम्ही रंगवून सांगितलीत. न घडलेलं घातलंत. कशासाठी घातलंत तेही आत्ता सांगितलंत. हे ऐकल्यावर तुमच्या तोंडून आलेल्या देवमनच्या कबुलीतलं काय त्याचं आणि काय तुमचं, हे कोणतं कोर्ट सांगू शकेल? तुमच्या शब्दाला कवडीची किंमत राहणार नाही." ती क्षणभर थांबली. "तेच पाहिजे आहे. पण ते भर कोर्टात होईल. पेपरात येईल. मंडळीतले वाचतील."

"सुटन का तो?" रुख्मिणीने विचारले.

"सांगता येत नाही, मावशी. ह्याच्याशिवाय मात्र सुटणार नाही."

खुशालराव बायकोकडे पाहत होते. सुभद्राबाईंनी नजर दिली नाही. त्या सुनेच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या, आणि वर्षालीने तो हात झटकला नव्हता, स्वीकारलाही नव्हता.

"सांगीन," ते म्हणाले.

रुख्मिणी उठली. क्षमा केली असे ती म्हणाली नाही, आणि खोलीत कोणाची तसे विचारण्याची हिंमत नव्हती. दारात तिने मागे वळून पाहिले.

"उद्या उजाडता पार्बताबाईच्या वावरात या, गुरुजी. अनवाणी. पयला पाय तुमी ठेवा."

"उद्या प्रभुभोजन आहे," कुंदन नकळत बोलून गेला.

"ते मंग," रुख्मिणी म्हणाली. "पयले पानी देऊन या."

ती गेली तसे फाटक उघडेच राहिले. खुशालराव अजून खुर्चीतच होते, आणि त्यांनी वाकून, कोणी सांगितले नसताना, पायांतले मोजे काढायला सुरुवात केली. एक मोजा निघायला फार वेळ लागला. प्रसिद्धिपत्रकाने ज्याच्या जिवाच्या धोक्याची एवढी चिंता वाहिली त्या गोपनीय बातमीदाराला धोका असा उद्या सकाळी, ओल्या गवतात, पहिल्यांदाच होणार होता. त्याची कबुली रुख्मिणीने शब्दशः परत म्हटली होती, म्हणून ती इथेही तशीच देता येते:

"उत्तम शुक्रवारी चांदूर बाजारच्या मंडळीत म्या देवमनची गोष्ट सांगतली. त्याचं नाव नाही घेतलं. विहीर सांगतली, तार सांगतली, तो रोज पयले अनवाणी पाय ठेवते आन् ते बाई मांगं उभी राह्यते, तेही सांगतलं. तो ढसाढसा रडला, त्यानं तिचे पाय धरले, असं म्हटलं. देवमन रडला नव्हता. त्यानं पाय धरले नव्हते. ते म्या घातलं. लोकं रडले. बाहीर मांडवात एक मानूस भेटला. तो हासला आन् म्हणे, गुरुजी, असे चोर प्रवचनातच भेटतेत. मले त्याचा राग आला. म्या त्याले देवमनचं नाव सांगतलं, गाव सांगतलं, पार्बताबाईच्या वावराचा रस्ता सांगतला. तो पोलिसातला हाय हे मले मालूम नव्हतं. मालूम असतं तरी सांगतलं असतं. कोनं मले धमकावलं नाही. मले कशाचंच भेव नव्हतं. त्या मानसानं माह्या गोष्टीवर इश्वास ठेवावा, एवढंच मले पाह्यजे होतं."